फोटो सेव्ह होतात, पण सांगलीतून फोन येत नाही: लग्नाच्या व्यवसायात दर सीझनला परत येणारा प्रश्न आणि त्यावरचे उपाय

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. मंडप, हळदीची सजावट, गौरीहार, रुखवत असं आमचं काम. सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला छोटं दुकान आणि गोडाऊन, मी, माझे दीर आणि कामावरची पोरं. काही वर्षांपूर्वी पिंटरेस्टवर, म्हणजे फोटो शोधून आपल्यापाशी सेव्ह करून ठेवायच्या ॲपवर, खातं उघडलं, गुगलवर फोटो चढवले आणि तेव्हापासून एकच तक्रार दर सीझनला समोर येऊन उभी राहायची. फोटो लोकांना आवडतात, सेव्ह होतात, आकडा रोज वाढतो. पण सांगली, मिरज, तासगाव, विटा इथून त्या फोटोवरून विचारायला कुणी येत नाही. जे येतात ते कुणाच्या तरी लग्नात काम बघून, नाहीतर कार्यालयवाल्यांनी नाव सांगितलं म्हणून.

दोनदा मी हे दुरुस्त केलं आणि दोन्ही वेळा पुढच्या सीझनला तेच. शेवटी एका चातुर्मासात, मुहूर्त नसतात त्या दिवसांत, बसून एकेक कडी तपासली. साताऱ्यातले, कराडमधले आपल्याच धंद्यातले बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना वाटतं की आपलं काम कमी पडतंय. मला ते फार लागतं, कारण त्यांचं काम मी बघितलेलं आहे आणि ते चांगलं आहे. म्हणून सापडलं ते सगळं सविस्तर लिहिते.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

पिंटरेस्टचं खातं साधं असेल तर ते बिझनेस खात्यात बदलून घ्या. पैसे लागत नाहीत आणि आकडे बघायला मिळतात. चार आकडे कामाचे: इम्प्रेशन म्हणजे फोटो किती वेळा पडद्यावर आला, पिन क्लिक म्हणजे तो (तिथं चढवलेल्या फोटोला पिन म्हणतात) किती वेळा उघडून बघितला, सेव्ह, आणि आउटबाउंड क्लिक म्हणजे फोटोवरून तुमच्या वेबसाइटवर किती जण गेले.

इम्प्रेशनच कमी असतील तर दोष फोटोत, शब्दांत नाहीतर वेळेत आहे. सेव्ह भरपूर आणि आउटबाउंड क्लिक नगण्य, तर फोटो आवडतोय पण पुढची वाट नाही. क्लिक होतात आणि तरी व्हॉट्सॲपवर कुणी येत नाही, तर वेबसाइटचं पान बघा. आमचं दुखणं या तिन्हींपैकी दुसऱ्या जातीचं होतं. ज्यांनी मला आपलं खातं उघडून दाखवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांचंही तेच निघालं.

त्याच ठिकाणी बघणारे कोणत्या देशातले, कोणत्या शहरातले आहेत तेही दिसतं. ते बघून लगेच खचू नका. आमचे बघणारे बरेचसे सांगलीबाहेरचे होते आणि मी त्यांना उगाच वाया गेलेले समजत होते. ती माझी मोठी चूक होती.

लिंक गळून पडते, चित्र तेवढं पुढं जातं

वाळव्याकडच्या एका घरातलं लग्न होतं. मुलीची आई दुकानात आली, पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाली, "ताई, हे असलंच पाहिजे बघा. पोरीनं पुण्यातनं पाठवलंय. बजेट तेवढं सांगा." फोटो बघितला तर आमचाच. आम्ही मिरजेत केलेली हळदीची सजावट. मी म्हटलं, "काकी, हे आम्हीच केलंय की." त्यांना खरंच वाटेना. त्या आमच्याकडं आल्या होत्या कारण त्यांच्या नात्यातलं एक काम आम्ही केलं होतं. हा फोटो आमचा आहे हे ना त्यांना माहीत होतं, ना मुलीला.

मग मी त्या मुलीला फोन करून विचारलं, फोटो कसा मिळाला. तिनं पिंटरेस्टवर बघितला, आपल्या बोर्डवर, म्हणजे तिथल्या फोटोंच्या संग्रहात, सेव्ह केला आणि आईला दाखवायचा म्हणून स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून मामीनं तो दुसऱ्या ग्रुपवर टाकला. कडेचं सगळं कापलं गेलं. लिंक नाही, नाव नाही, गाव नाही.

आपल्या भागात लग्नाची सजावट अशीच ठरते. शोधणारी मुलगी पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला, पसंत करणारी आई गावात आणि इसार देणारे वडील किंवा चुलते. तिघांच्या मधे व्हॉट्सॲप. मुलीनं लिंक पाठवली तर ठीक, पण बहुतेक वेळा स्क्रीनशॉटच जातो, कारण आईच्या मोबाइलमध्ये पिंटरेस्ट नसतं. म्हणजे आपण लिंकवर, वर्णनावर कितीही मेहनत घेतली तरी ती पहिल्याच टप्प्यावर गळते. सांगलीच्या घरापर्यंत पोचतं ते फक्त चित्र.

हे कळल्यावर उपायाची दिशाच बदलली. चित्राच्या आत आपलं नाव आणि गाव असलं पाहिजे.

आधी आम्ही कोपऱ्यात वॉटरमार्क टाकायचो. तो कापला जातो. फोटोच्या मधोमध मोठं नाव छापलं तर फोटो बघवत नाही आणि मुली तो सेव्हच करत नाहीत. मग दिरांनी एक साधी गोष्ट केली. सागवानाची छोटी पाटी करून घेतली, तिच्यावर पेंटरकडून आमचं नाव आणि खाली "सांगली" एवढंच लिहून घेतलं. सजावट पूर्ण झाली की ती पाटी समईच्या शेजारी, पाटाच्या कडेला ठेवायची आणि मगच फोटो काढायचा. सजावटीचाच भाग वाटते, कुणाला खटकत नाही, आणि कापायची म्हटली तर समईही कापावी लागते.

हिचा आणखी एक फायदा आम्ही धरलाच नव्हता. पाहुणे आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढतात त्यातही ती येते. शिवाय गुगल लेन्स, म्हणजे चित्र दाखवून शोधायची सोय, चित्रातली अक्षरं वाचतं, देवनागरीसुद्धा. आता अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये २०२४ पासून सर्कल टू सर्च आलंय. स्क्रीनशॉट उघडून बोटानं गोल केला की शोध सुरू. पाटीभोवती गोल केला तर नाव आणि गाव त्याच्या हातात पडतं.

पाटी किती मोठी हवी याचं आमचं माप असं: फोटो मोबाइलवर उघडा, बोटांनी मोठा न करता नाव वाचता आलं पाहिजे, पण पहिली नजर मात्र सजावटीवरच गेली पाहिजे. आमची पहिली पाटी फार लहान झाली होती, दुसरी बरोबर बसली.

वधू-वरांच्या नावांचे मोठे चकचकीत बोर्ड असतात, ते शक्यतो फोटोच्या बाहेर ठेवा. एक तर ती त्या घरातली खासगी नावं. दुसरं म्हणजे शोध त्या अक्षरांच्या मागं जातो आणि खाली अक्षरं विकणाऱ्यांचीच रांग लागते.

लेन्सला आपली सजावट दिसते का?

गुगलवर चित्रं शोधायची सोय २००१ साली आली, तेव्हा शब्द टाकून चित्र मिळायचं. आता उलटं झालंय. २०१७ मध्ये पिंटरेस्ट आणि गुगल दोघांनीही आपापली लेन्स आणली आणि चित्र दाखवून तसलीच चित्रं शोधता यायला लागली. हे काम कसं चालतं ते थोडं समजून घेतलं तर फोटो कसा काढायचा ते आपोआप कळतं. यंत्र रंग, आकार, पोत, नक्षी बघतं आणि त्याच्या साठ्यातल्या तशाच चित्रांशी जुळवतं. चौकटीत जे जास्त जागा व्यापतं त्याला जास्त वजन.

आमच्या हळदीच्या सजावटीचं खास काय, तर हळकुंडांचं तोरण. सांगली म्हणजे हळदीची पेठ, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि लग्नात नवरा-नवरीच्या हाताला हळकुंड बांधायची आपली रीत आहेच. म्हणून आम्ही मार्केट यार्डातून लांब, सरळ हळकुंडं निवडून आणतो. वाळलेलं हळकुंड इतकं टणक असतं की त्यात सुई जात नाही. त्यामुळं प्रत्येकाच्या कमरेला दोऱ्याची गाठ मारून, मधे आंब्याचं पान घालून तोरण बांधावं लागतं. एका तोरणाला दोन बायकांची अख्खी दुपार जाते. हात पिवळे होतात आणि संध्याकाळपर्यंत घरभर वास दरवळतो.

एके दिवशी मी आमच्याच फोटोवर लेन्स लावून बघितली. खाली काय आलं? पिवळे तयार पडदे, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, ते विकणारी परगावची दुकानं. आमचं पान कुठंच नाही. फोटो परत नीट बघितला तेव्हा कारण डोळ्यासमोरच होतं. फोटोचा बहुतेक भाग मागच्या पिवळ्या कापडानं व्यापला होता. ज्याच्यासाठी दुपार घालवली ते तोरण वर एका बारीक रेघेसारखं. यंत्रानं जे दिसलं तेच शोधून दिलं.

तेव्हापासून प्रत्येक कामाचे किमान तीन फोटो काढतो. एक पूर्ण सजावटीचा, पाटीसह. एक मध्यम अंतरावरून, चौरंग, समई, मागची बाजू मिळून. आणि एक अगदी जवळून, फक्त आपली जी खासियत आहे तिचा: हळकुंडांचं तोरण, अंतरपाटावरचं भरतकाम, रुखवतातली सप्तपदीची पावलं, सुपारीच्या बाहुल्या. जवळच्या फोटोवर लेन्स लावली तेव्हा आमचं पान वरच्या काही चित्रांत आलं, कारण तसलं दुसरं फारसं कुणाकडं नाहीच. सगळ्यांसारखं पिवळं कापड सगळ्यांकडं आहे.

तुम्हीही आज एवढं करून बघा. तुमचा सगळ्यात आवडता फोटो घ्या, लेन्स लावा आणि खाली काय येतं ते बघा. तुमच्या कामाच्या जवळपासचं काही येत नसेल तर तो फोटो कितीही देखणा असो, चौकट बदलून परत काढा.

उजेडाचं थोडक्यात सांगते. पाहुणे यायच्या आधी, लाल-निळे दिवे लावायच्या आधी फोटो काढून घ्या. निळ्या उजेडात झेंडू कसला दिसतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि यंत्राला तर रंगच बघायचा असतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो

हे कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि याच्यामुळंच प्रश्न परत परत येतो.

मंडपात फोटो काढतो कामावरचा मुलगा. तो ते ग्रुपवर टाकतो. ग्रुपवरून मी उतरवते आणि पिंटरेस्टवर चढवते. या प्रवासात फोटोचं काय होतं ते हिशेबानं बघा. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. आडवा फोटो असेल तर तो १६०० बाय १२०० होतो. पिंटरेस्टला उभा फोटो लागतो, २ः३ या प्रमाणात, आणि त्यांचीच शिफारस १००० बाय १५०० पिक्सेलची आहे. आपल्या आडव्या फोटोतून उभा तुकडा कापला की हातात उरतो ८०० बाय १२००, तोही दाबून बारीक केलेला. तोरणातलं हळकुंड हळकुंडासारखं दिसायचं बंद होतं, नुसता पिवळा ठिपका राहतो. मग लेन्सनं तरी काय ओळखायचं?

उपाय सोपा आहे. मोबाइल उभा धरून फोटो काढायचे. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. मोठ्या कामाचे फोटो गुगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगते तेही लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. कापड, लाकूड, पितळी समया यांचं जे झालं ते झालं, पण जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबत आधीच्या सगळ्या कामांचे मूळ फोटोही गेले. आज त्या वर्षांचं आमच्याकडं जे आहे ते लोकांच्या व्हॉट्सॲपमधून परत गोळा केलेलं, धूसर. सासूबाईंनी स्वतः बसून केलेल्या रुखवताचा एकही स्वच्छ फोटो नाही. कृष्णाकाठी धंदा असेल तर फोटोची दुसरी प्रत घराबाहेर, नेटवर ठेवाच. हे काम उद्यावर ढकलू नका.

वेबसाइट आहे, पण गुगलला चित्रंच दिसत नाहीत

आमची पहिली वेबसाइट दिसायला छान होती. उघडली की मोठमोठे फोटो सरकत जायचे. गुगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गुगलच्या शोधात आपली वेबसाइट किती दिसते ते सांगणाऱ्या सोयीत, जाऊन शोधाचा प्रकार "इमेज" असा निवडला, तर जवळजवळ काहीच नव्हतं. त्याचं कारण सापडायला वेळ लागला. ते फोटो पानावर चित्र म्हणून ठेवलेलेच नव्हते. डिझाइनच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) पार्श्वभूमी म्हणून लावले होते आणि अशी पार्श्वभूमीची चित्रं गुगल आपल्या साठ्यात घेत नाही. वेबसाइट करून देणाऱ्याला तुम्ही एवढंच विचारा: "फोटो इमेज टॅगमध्ये आहेत ना?" त्यानं हो म्हटलं तरी एकदा फोटोवर उजवं बटण दाबून, "इमेज नव्या टॅबमध्ये उघडा" हा पर्याय येतो का ते बघा. पर्याय येत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी चूक आमचीच होती. "गॅलरी" नावाचं एक पान आणि त्यात सगळं कोंबलेलं: हळद, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं. एकाही फोटोखाली ओळ नाही. गुगलला चित्र कशाचं आहे ते कळायला आजूबाजूचा मजकूर, फोटोखालची ओळ, आल्ट टेक्स्ट (कोडमध्ये फोटोबद्दल लिहिलेली, पानावर न दिसणारी ओळ) आणि फाइलचं नाव यांचा आधार लागतो. आम्ही त्या पानाची पाच पानं केली. हळदीच्या पानावर आता प्रत्येक फोटोखाली साधं वाक्य असतं: "मिरज, घराच्या अंगणातली हळद, हळकुंडांचं तोरण आणि केळीचे खुंट, ताजा झेंडू." लिहायला दोन मिनिटं लागतात. वाचणाऱ्याला कळतं की हे घरच्या अंगणात होतं आणि फुलं खरी आहेत. गुगललाही तेच कळतं.

फोटोत जीपीएसचे आकडे भरून देतो, मग तुम्ही सांगलीत वर याल, असं सांगून पैसे मागणारे भेटतील. माझं मत, तो खर्च करू नका. चित्रांबद्दल गुगल स्वतः जे मार्गदर्शन करतं त्यात भर आहे तो पानावरच्या मजकुरावर. त्याऐवजी गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे नकाशावर जी आपली नोंद असते तिथं, दर महिन्याला नवे फोटो टाका. गावातला माणूस आधी तिथंच बघतो.

शब्द कोणते लिहायचे

पिंटरेस्टवर माझ्या बोर्डांची नावं होती "आमचं काम", "नवीन", "२०२२". असं कुणी शोधत नाही. आता आहेत "हळदीची सजावट, सांगली", "मराठी रुखवत", "गौरीहार आणि बोहलं". पिनच्या शीर्षकाला १०० अक्षरांची जागा असते, त्यात वस्तू आणि गाव दोन्ही बसतं.

अडचण येते ती रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांमुळं, आणि तसे बरेच आहेत. रुखवत हा एकच शब्द लोक कितीतरी तऱ्हांनी लिहितात: "ख" नंतर कुणी ए घालतं, कुणी घालत नाही, "व" साठी कुणी व्ही तर कुणी डब्ल्यू. आपण हळद म्हणतो, तर शोधणारी मुलगी हिंदीसारखं हल्दी टाइप करते. सगळी रूपं एकाच वर्णनात कोंबू नका, ते वाचवत नाही. आम्ही वर्णन मराठीत लिहितो आणि वेगवेगळ्या पिनच्या शीर्षकात रोमन रूपं वाटून टाकतो. गुगलवर कोणतं रूप जास्त चालतं ते सर्च कन्सोलमध्ये दिसतं, कारण गुगलवर काय टाइप केल्यावर आपली वेबसाइट दिसली ते तिथं बरंचसं येतं.

क्लिक केल्यावर माणूस कुठं पोचतो?

आमच्या जुन्या पिनवर इन्स्टाग्रामच्या खात्याची लिंक होती. ज्याचं तिथं खातं नाही त्याला दोन फोटो दिसेपर्यंत लॉगिन करा म्हणून पाटी येते. वडीलमाणूस तिथंच मोबाइल बाजूला ठेवतो. इन्स्टाग्राम सोडा असं मी म्हणत नाही. २०२५ च्या जुलैपासून तिथल्या व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गुगलच्या शोधातही येऊ शकतात, तेव्हा ते चालू ठेवाच. पण पिनची लिंक आपल्या वेबसाइटच्या त्याच पानावर न्या जिथं तोच फोटो वरच दिसतो. खाली व्हॉट्सॲपचं बटण आणि खर्चाचा अंदाज. आपल्याकडं बरेच जण खर्च लिहायला कचरतात. मी "इतक्यापासून पुढं" असं लिहायला लागले तेव्हापासून नुसते भाव विचारणारे कमी झाले आणि ठरवून येणारे वाढले.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये एक बारीक चूक हमखास होते. नंबर ९१ पासून लिहायचा, पुढं शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही, मधे जागा किंवा डॅश नाही. आमच्याकडं एका पानावर शून्य राहिला होता आणि अख्खा मार्गशीर्ष ते बटण कुणाला कुठंच नेत नव्हतं. दुसऱ्याच्या मोबाइलवरून स्वतः दाबून बघा.

त्याच लिंकमध्ये आधीच भरलेला मेसेज ठेवता येतो. हळदीच्या पानावरून आला की "हळदीच्या सजावटीबद्दल विचारायचं आहे", रुखवताच्या पानावरून आला की तसा वेगळा. समोरच्याला टाइप करावं लागत नाही आणि कोणतं पान काम करतंय ते आपल्याला न विचारता कळतं. शिवाय दुकानातल्या वहीत एक रकाना आहे, "कुठं बघितलं?" उत्तर कुणी "फोटो आला होता" एवढंच दिलं, तर मी तो फोटो दाखवायला सांगते. पाटी दिसते की नाही ते बघायचं असतं.

फोटो कुणाचा आहे?

लग्नाच्या फोटोग्राफरनं काढलेले फोटो सुंदर असतात आणि आपण त्याला विचारून ते चढवतो. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणं, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची, म्हणजे लग्नघराची. म्हणून परवानगी त्यांचीही घ्या. इसाराच्या पावतीवर आम्ही एक ओळ छापून घेतली आहे: सजावटीचे फोटो प्रसिद्ध करायला हरकत नाही, कुणाचे चेहरे येणार नाहीत. बहुतेक घरं आनंदानं सही करतात. एखाद्यानं नाही म्हटलं तर त्या कामाचा फोटो आमच्याकडं फक्त आठवणीला राहतो.

दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून लावणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. परगावच्या एका पानानं आमचं तोरण आपलं म्हणून टाकलं होतं आणि लेन्समध्ये त्यांचंच पान वर यायचं. पिंटरेस्टकडं कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तो भरला आणि पिन काढली गेली. मूळ, पूर्ण आकाराची फाइल जपून ठेवली असेल तर आपलं काम सिद्ध करताना हात बळकट राहतो. आणि एक उलटी सवय लावून घ्या. गिऱ्हाईक स्क्रीनशॉट घेऊन आलं की त्याच्यावर आपण स्वतः लेन्स लावायची. ती सजावट कुठली, फुलं खरी की कापडी, मंडप किती मोठा, याचा अंदाज तिथंच येतो. तासगावचं एक घर पांढऱ्या ऑर्किडचा असाच फोटो घेऊन आलं होतं. मूळ पान काढून दाखवलं तेव्हा त्यांना कळलं की ते मोठ्या हॉटेलच्या हॉलमधलं आहे. मग निशिगंध आणि शेवंतीत त्यांच्या अंगणाच्या मापाचं काम ठरलं.

बरं झालेलं परत का बिघडतं

याची तीन कारणं मला सापडली. सीझन अंगावर आला की मुलं घाईत परत ग्रुपवरून फोटो पाठवायला लागतात आणि मीही तेच चढवते. वेबसाइटची पानं कुणीतरी नव्या नावानं करतं आणि जुन्या पिनच्या लिंक बंद पडतात. पिन वर्षानुवर्षं फिरत राहते, त्यामुळं जुना पत्ता कधीच बंद करायचा नाही, त्यावरून नव्या पानाकडं कायमचं रीडायरेक्ट लावून घ्यायचं. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, नूतनीकरण कधी आहे ती तारीख मी देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिहिते, कारण ई-मेलमधली सूचना बघायची राहून जाते.

तिसरं कारण वेळेचं. आम्ही वैशाखातल्या कामाचे फोटो वैशाखातच टाकायचो आणि लगेच फोनची वाट बघायचो. पिन हळूहळू पसरते. लोकांची यादी होते, बोलणी ठरतात ती दिवाळीच्या आसपास, आणि मुली शोधायला त्याच्या आधीपासून लागतात. म्हणून आता गणपती उठले की मागच्या सीझनचे निवडक फोटो काढून बसतो आणि दसऱ्यापर्यंत थोडे थोडे चढवतो. सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, त्यामुळं गेल्या दसऱ्याशी या दसऱ्याची तुलना करता येते.

चढवायच्या आधी प्रत्येक फोटोला तीन गोष्टी बघायच्या असं दिरांनी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय: मूळ फाइल आहे का, पाटी दिसते का, बटण चालतं का. या गणपतीनंतर चढवलेल्या फोटोंपैकी एक कवठेमहांकाळच्या घरातून परत आला, चार ग्रुप फिरून, दोन्ही बाजूंनी कापलेला. समई होती, शेजारी पाटी होती, आणि खाली त्या मुलीच्या चुलत्यांनी लिहिलं होतं, "सांगलीत कुठं बसता?"